तिसऱ्या अंकातली शिंक

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाच्या तरी तोंडी यायचं. ती प्रॉम्प्टर होती. सेटच्या भिंतीमागे एका स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता, शेजारी कागद लावून मंद केलेला दिवा, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानाशी ढकलायचा, एवढंच तिचं काम. आता एवढंच म्हणायला सोपं. आवाज जरा चढला की पहिली रांग हसते, आणि जरा उतरला की नट घामाघूम होतो. शिवाय नट मुद्दाम थांबलाय की खरोखर अडलाय, हे पाठीवरून ओळखावं लागतं. मुद्दाम थांबलेल्याचे खांदे खाली येतात आणि अडलेल्याचे वर जातात, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं.

तिच्या स्वभावात एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं कारण कळल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडायची नाही. थिएटरातला एक पंखा रोज नाटक सुरू झाल्यावरच कुरकुरायचा, तर तिने वायरमनच्या मागे लागून तो खाली उतरवून घेतला होता. घरी नळाला कधी जोरात तर कधी बारीक पाणी येतं म्हणून तिने नवऱ्याला भंडावून सोडलं होतं. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायच्या कामावर. तो म्हणायचा, "अगं, मी आकडे वाचतो. पाण्याच्या मनात काय आहे ते मला काय ठाऊक?"

त्या वर्षी कंपनीचं जे नाटक चाललं होतं, त्यात म्हाताऱ्या बापाची भूमिका आबा करत. आबा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने नट. आवाज अजून खणखणीत, पण पाठांतराला भोकं पडलेली. तिसऱ्या अंकात परदेशी गेलेला मुलगा आता परत येणार नाही असा निरोप येतो, बाप मागच्या खुर्चीत धपकन बसतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग एक लांबलचक भाषण करतो. त्या भाषणात आबा हमखास अडायचे. म्हणून दिग्दर्शकाने ती खुर्ची अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. भिंतीला एक खिडकी, खिडकीला जाळीचा पडदा, आणि पडद्यामागे कुजबुजताईचं स्टूल. हात लांबवला असता तर आबांच्या खांद्याला लागला असता.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा थिएटर भरलेलं होतं. निरोप आला, आबा खुर्चीत कोसळले, सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत खिडकीमागून शिंक आली. साधीसुधी नाही, अंगातून निघालेली, दणदणीत शिंक.

आबा जुने जाणते. त्यांनी मान वळवली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोण आहे तिकडे?"

सून झालेली नटी गडबडली. काहीतरी सावरायचं म्हणून म्हणाली, "कुणी नाही बाबा, वारा आहे."

"वाऱ्याला सर्दी झालीय वाटतं," आबा म्हणाले.

झालं! ज्या प्रसंगाला बायका डोळे पुसायच्या, तिथे लोक खो खो हसले. कुजबुजताई मात्र तोंडावर पदर दाबून, नाक चिमटीत धरून, डोळ्यांतून पाणी गाळत बसली होती. पडदा पडल्यावर तिने आबांची माफी मागितली. आबा म्हणाले, "होतं गं कधीतरी. माणूस आहे म्हटल्यावर नाक आहे."

पण ते कधीतरी राहिलं नाही. पुढच्या प्रयोगाला तसंच, त्याच्या पुढच्याला तसंच. पहिले दोन अंक नाक कोरडं ठणठणीत. तिसरा अंक सुरू झाला, आबा खुर्चीत बसले, की थोड्या वेळात नाकात मुंग्या, घशात खाज, आणि मग शिंकांची माळ. हल्ली तर नंतर छातीही जरा घुरघुरायची. ती तोंडात रुमाल कोंबून बसायला लागली. पण तोंडात रुमाल असलेल्या प्रॉम्प्टरचा कुणाला काय उपयोग?

व्यवस्थापक भला माणूस होता, पण त्यालाही प्रयोग चालवायचे होते. तो म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आबांच्या कानात एक बारीक यंत्र बसवू. तुम्ही लांब ऑफिसात बसून बोला."

आबांनी ते ऐकलं आणि ते भडकलेच. "मला कानात माणूस नकोय, पाठीशी हवाय. यंत्र बसवणार असाल तर ते माझ्या जागी बसवा."

घरी नवऱ्याचं मत निराळं होतं. "तो प्रसंग आहेच तसा. तुला आतून रडू येतं, ते तू दाबतेस, म्हणून नाकावाटे बाहेर पडतं."

"अहो, सतरांदा ऐकलेलं भाषण ते. आता मला त्यात फक्त आबा कुठे अडणार तेवढं ऐकू येतं," ती म्हणाली.

तिला शिंकेपेक्षा त्या वेळेचं नवल वाटत होतं. तिसऱ्याच अंकात का? एका दुपारी थिएटर रिकामं असताना ती आत गेली. सेट तिसऱ्या अंकाचाच लागलेला होता. तीच खिडकी, तोच जाळीचा पडदा, पुढे तीच बाटलीच्या रंगाच्या हिरव्या मखमलीची खुर्ची. ती स्टुलावर बसली आणि मुद्दाम अख्खा अंक मनातल्या मनात वाचून काढला. शिंक तर सोडाच, नाक नुसतं हुळहुळलंही नाही. म्हणजे धूळ नाही, पडदा नाही, दिवा नाही. मग संध्याकाळी तिथे असं काय असतं, जे दुपारी नव्हतं?

असतात ते आबा.

हा विचार आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण खोड ती खोड. दुसऱ्या दिवशी ती रंगपटात गेली आणि खुंटीला टांगलेल्या आबांच्या कोटाला नाक लावून उभी राहिली. नेमके आबा आत आले.

"काय गं, इतका वास मारतो मी?"

"तसं नाही आबा," ती ओशाळली. "तुम्ही केसांना काय लावता? पावडर कुठली? घरी काही पाळलंय का?"

"केस उरलेत कुठे लावायला! आणि पाळलंय म्हणशील तर लेकीची मांजर आहे. माझ्या कोटावरच झोपते मेली."

मांजर! कुजबुजताईला कोडं सुटल्यासारखं झालं. मांजराने शिंका येतात हे तिने ऐकलेलं होतं. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने शेजाऱ्यांना सांगितलं. आबांच्या लेकीने बिचारीने कोट धुऊन, इस्त्री करून, वेगळ्या पिशवीत घालून पाठवला. त्या संध्याकाळी तिसऱ्या अंकात आबा स्वच्छ कोट घालून खुर्चीत बसले, आणि ती शिंकली ती नेहमीपेक्षा जास्तच.

मग तिने मुकाट्याने गल्लीतल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. शिंका कमी झाल्या, पण गोळ्यांनी डोळ्यांवर झापड यायची. एकदा झोपेच्या गुंगीत तिने पानं उलटी चाळली आणि तिसऱ्या अंकात आबांना दुसऱ्या अंकातलं वाक्य दिलं. आबांचा तिच्यावर एवढा विश्वास, की त्यांनी ते तस्संच्या तस्सं म्हटलं. त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या शेवटी वारलेली त्यांची बायको तिसऱ्या अंकात स्वयंपाकघरात चहा करायला गेली. त्या दिवशी आबासुद्धा हसले नाहीत.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा."

ॲलर्जीच्या डॉक्टर म्हणजे बारीक अंगाच्या, आखूड केसांच्या एक बाई होत्या. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि धुता येतील असे प्लास्टिकचे पडदे. त्यांनी आधी तपासलं, छातीला नळी लावली, एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, आणि मग प्रश्नांना सुरुवात केली. घरात ओल आहे का, उशी कशाची, झुरळं होतात का, शिंका कधी, किती वेळ, कुठे. कुजबुजताईने सगळं सांगितलं. रिकाम्या थिएटरात दुपारी बसून पाहिल्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"तुम्ही स्वतःहून बसून पाहिलंत? बरं केलंत. एरवी एवढं सांगायला मला पेशंटच्या मागे लागावं लागतं."

"मग आता कातडीवर टोचून बघणार ना? माझ्या नणंदेचं तसं केलं होतं. हातभर गांधी उठल्या होत्या."

"त्यासाठी शिंकेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतील. गोळ्या पोटात असताना कातडी खरं बोलत नाही."

"बंद ठेवल्या तर प्रयोगाचं वाटोळं होईल."

"म्हणूनच रक्तातून बघू. गोळ्यांनी त्यात फरक पडत नाही."

रक्त काढणारी मुलगी नवखी नव्हती, सुई कधी गेली ते कळलंही नाही. बाकीची माणसं अशा वेळी भिंतीकडे बघतात. कुजबुजताई नळीत चढणाऱ्या रक्ताकडेच बघत होती. "आता याचं पुढे काय करता?" तिने विचारलं.

"हे थोडा वेळ ठेवायचं, मग गरगर फिरवायचं. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. परीक्षा त्या पाण्याची."

"आणि त्यात शिंक कशी दिसते?"

मुलगी हसली. "शिंक नाही दिसत मावशी. मशीनमध्ये मांजर, धूळ, गवत, बुरशी, सगळ्यांचे वेगवेगळे अंश असतात. तुमच्या रक्तात ज्याला धरणारं काही असेल, ते त्याला जाऊन चिकटतं. किती चिकटलं ते मशीन मोजतं."

"म्हणजे रक्ताची आणि त्या वस्तूची ओळख आहे का, एवढंच बघायचं."

"तेवढंच," मुलगी म्हणाली आणि कापसाचा बोळा दाबून धरायला दिला.

निकाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत नवऱ्याने घरातल्या सगळ्या चादरी कढत पाण्यातून काढल्या, कारण कुणीतरी त्याला गादीतल्या किड्यांचं सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा दोघंही गेली.

"मांजर नाही," बाईंनी सुरुवातच अशी केली. "कुत्रा नाही. बुरशी, गवताचे पराग, झुरळ, काही नाही. गादीतल्या धुळीचे किडे आहेत, पण अगदी नावापुरते."

"बघ, चादरी धुतल्या ते बरं झालं," नवरा म्हणाला.

"मात्र एक गंमत आहे. आम्ही काही प्राण्यांची एकत्र परीक्षा करतो, एकाच भांड्यात चार प्राणी. त्यात तुमचं रक्त चांगलंच जोरात चिकटलं. आता त्या चारांत मांजर आणि कुत्रा आहेत, ते दोघं सुटे बघितले तर तुमच्याकडे नाहीत. मग मला राहवेना. लॅबमध्ये तुमचं थोडं रक्त शिल्लक होतं, त्यावर उरलेले दोघं वेगवेगळे करायला सांगितले. गाय नाही."

"मग?"

"घोडा."

नवऱ्याला हसू फुटलं ते आवरेना. कुजबुजताई मात्र खुर्चीच्या कडेवर आली होती.

"अहो, पण मी जन्मात घोड्याला हात लावलेला नाही. घोडा जवळून पाहिलासुद्धा नाही!"

"तुमच्या रक्ताने पाहिलाय," बाई म्हणाल्या. "पण एक लक्षात घ्या. रक्त फक्त नाव सांगतं, पत्ता सांगत नाही. काही माणसांच्या रक्तात ओळख असते आणि त्रास काहीच नसतो. घोडा खरंच तुमच्या त्या तिसऱ्या अंकात असेल, तर आणि तरच तो तुमचा गुन्हेगार. तो तिथे कसा येतो, ते मला इथे बसून कळायचं नाही."

त्यानंतरचे दिवस कुजबुजताईला दुसरं काही सुचलं नाही. भाजी निवडताना घोडा, कपडे वाळत घालताना घोडा. थिएटरात जाऊन तिने आबांना विचारलं, "आबा, तुमचा कुठे घोड्याशी संबंध येतो का हो?"

"मला जिना चढताना दम लागतो, घोड्यावर कोण चढवणार?" आबा म्हणाले. "आधी मांजर, आता घोडा. पुढच्या आठवड्यात हत्ती विचारशील."

तिने रंगपटातले ब्रश पाहिले, दाढी-मिशा चिकटवायचं सामान पाहिलं, तबकडीवर वाजणाऱ्या टापांच्या आवाजाचीसुद्धा चौकशी केली, तेव्हा ध्वनीवाल्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं.

आणि मग एका मध्यंतरात ती विंगेत उभी होती. दोन कामगार ती हिरवी खुर्ची दुसऱ्या बाजूने उचलून आणत होते. एक जण धापा टाकत म्हणाला, "काय दगड भरलेत का हिच्यात?"

दुसरा म्हणाला, "जुना माल आहे बाबा. तेव्हा फोम कुठला?"

कुजबुजताई वळून त्या खुर्चीकडे बघायला लागली. फोम नाही, तर काय? खुर्चीची मखमल नवी होती, गेल्या वर्षीच बदललेली, म्हणून कुणाच्याच मनात आलं नव्हतं की आतलं पोट जुनंच आहे. आणि दुपारच्या रिकाम्या थिएटरात खुर्ची होती, पण तिच्यात धपकन बसणारं कुणी नव्हतं!

कंपनीच्या खुर्च्या-सोफे भरणारा कारागीर मागच्याच रस्त्याला बसायचा. दुसऱ्या सकाळी ती त्याच्यापुढे हजर झाली.

"ती हिरवी खुर्ची?" कारागीर म्हणाला. "मी नुसता वरचा कपडा बदलला. आतला भराव काढवेना. असा भराव आता बघायला मिळत नाही, ताई. जरा पिंजून मोकळा केला आणि परत घातला."

"कसला भराव आहे?"

"घोड्याचे केस. शेपटीचे, आयाळीचे. स्प्रिंगसारखे उसळतात."

तिने त्याला थिएटरात आणलंच. त्याने खुर्ची उलटी केली, तळाचं पातळ कापड टाचण्या काढून सोडवलं. आत काळ्या-तपकिरी कुरळ्या केसांचा गच्च गोळा होता आणि त्यात पिठासारखी भुकटी. कुजबुजताईने आयुष्यात इतकं कौतुकाने काही पाहिलं नव्हतं. नीट दिसावं म्हणून ती खाली वाकली, आणि मग तिला जे शिंकांनी घेरलं, त्यात कारागिराने घाबरून खुर्ची तशीच टाकली आणि पाणी आणायला पळाला.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि आधी तिला दटावलं. "छाती घुरघुरते तुमची, आणि तुम्ही आत डोकं घालता?" मग म्हणाल्या, "नुसत्या केसाचं तितकं काही नसतं. केसाला चिकटलेला कोंडा आणि लाळ त्रास देतात. चांगले धुतलेले, उकळलेले केस असते तर कदाचित काही झालं नसतं. पण मला सांगा, तुम्ही या खुर्चीजवळ पूर्वीही असायचात का? कारण पहिल्याच भेटीत रक्ताची अशी ओळख होत नाही. त्याला सहवास लागतो."

कुजबुजताई आठवू लागली, आणि तिला हसूच आलं. या नाटकाच्या कितीतरी आधी ती खुर्ची सामानाच्या कोठीत पडून असायची. दुपारी नव्या नाटकाच्या संहिता उतरवून काढायला ती तिथेच जाऊन बसायची, आणि उतरवता उतरवता त्याच खुर्चीत डुलकी काढायची. वर्षानुवर्षं. कोठीत शिंका यायच्या, पण कोठीत कुणाला शिंका येत नाहीत?

"म्हणजे माझ्या आवडत्या खुर्चीनेच दगा दिला," ती म्हणाली.

"अजून सिद्ध व्हायचंय," बाई म्हणाल्या. "काही प्रयोग खुर्ची बदलून बघा. बाकी काही बदलू नका. कोट तोच, गोळ्याही त्याच."

मग कंपनीने ऑफिसातली लाकडी खुर्ची तिसऱ्या अंकात लावली. पहिल्या प्रयोगाला निरोप आला, आबा बसले, शांतता झाली. रंगपटातली माणसंसुद्धा विंगेत येऊन कान टवकारून उभी होती. काही झालं नाही. नाक कोरडं. पुढच्या प्रयोगालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही तसंच. व्यवस्थापकाने सगळ्यांना चहा पाजला.

फक्त आबा नाराज होते. लाकडी खुर्चीत कोसळता येत नाही, पाठ मोडते, म्हणाले. म्हणून हिरव्या खुर्चीतले केस काढून कारागिराने तिच्यात काथ्या भरला आणि वर फोमचा थर दिला. दिसायला तीच खुर्ची. आबा पहिल्यांदा तिच्यात कोसळले तेव्हा निम्म्या उंचीपर्यंत आत गेले आणि भाषणाच्या शेवटी त्यांना उठता येईना. सुनेने हात देऊन काढलं. इतकंच नाही, तर बसण्याची सवय मोडल्यामुळे भाषणाचा पुरता विसर पडला. त्या रात्री कुजबुजताईने जवळजवळ सगळं भाषण पडद्यामागून म्हटलं, सलग, एकदाही न शिंकता, आणि आबा तिच्या मागोमाग बोलत गेले. नंतर म्हणाले, "आज भाषण तुझं झालं गं. मी नुसता आवाज दिला." फोम थोडा काढून टाकल्यावर आबा रुळले. केसांचा गोळा कारागीर पिशवीत बांधून, जपून घरी घेऊन गेला. धुऊन कुणाच्या तरी खुर्चीत घालीन म्हणाला. कुणाच्या, ते मात्र कुजबुजताईने त्याला खोदून खोदून विचारून घेतलं.

तिचं एक राहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला घोडा बघायचाय."

"आता? एवढं सगळं झाल्यावर?"

"इतकी वर्षं रक्तात ओळख आहे. एकदा तोंड तरी बघू या. बाईंना विचारलंय. उघड्यावर, लांबून, वारा पाठीकडून असेल तर हरकत नाही म्हणाल्या."

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवण्याची जागा होती. मैदानाला लाकडी कुंपण. नवऱ्याने थुंकीने बोट ओलं करून वाऱ्याची दिशा बघितली, दोघं योग्य बाजूला जाऊन उभी राहिली. एक तांबूस घोडा एका लहान मुलीला पाठीवर घेऊन गोल गोल फिरत होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो खूप मोठा होता, आणि पापण्या अगदी माणसासारख्या. ती किती तरी वेळ नुसती बघत राहिली. घोड्याचा लगाम धरून चालणारा शिक्षक फेरी संपल्यावर कुंपणाकडे आला. त्याचे डोळे लाल होते, आणि बोलायच्या आधी त्याने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

"शिकायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही," कुजबुजताई म्हणाली, आणि कुंपणावर हात ठेवून जरा पुढे झुकली. "तुम्हाला ही सर्दी कधीपासून आहे हो?"

"सर्दी? ही कायमचीच. या कामात धूळ फार."

"सुट्टीवर गेलात की राहते की जाते?"

शिक्षक थोडा विचारात पडला. नवऱ्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि आता इथून लवकर निघणं होत नाही हे ओळखून तो बाजूच्या बाकावर जाऊन बसला.